एका क्रेडिटचे विषय

सोलापूरहून उद्यान एक्सप्रेस धरली की दुसऱ्या दिवशी सकाळी, बंगळूर यायच्या जरा आधी, येलहंका जंक्शन लागतं. माझा भाचा दोन वर्षांपूर्वी तिथंच उतरला. एक बॅग, एक वळकटी आणि बहिणीनं दिलेला शेंगाचटणीचा डबा. कॉमेडकेच्या परीक्षेतून त्याला इथल्या एका अभियांत्रिकी कॉलेजात कॉम्प्युटरची सीट मिळाली होती. पहिल्या सत्राचा निकाल लागला त्या रविवारी तो जेवायला आला आणि ताट वाढायच्या आतच त्यानं मोबाइल माझ्यापुढं धरला.

"मामा, गणित निघालं, फिजिक्स निघालं. राज्यघटनेत बॅक लागलाय."

मी आकडे पाहिले. कॉलेजच्या अंतर्गत मूल्यमापनात, म्हणजे मुलं ज्याला 'इंटर्नल्स' म्हणतात त्यात, ५० पैकी किमान २० लागतात. याला बरोब्बर २०. विद्यापीठाच्या परीक्षेत ५० पैकी किमान १८ लागतात. याला बरोब्बर १८. दोन्हीकडं काठावर पास, आणि तरी एकूण नापास, कारण बेरीज ४० व्हायला हवी आणि ती झाली ३८. पोरानं दोन दारं ओलांडली होती. तिसरं आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं.

"पण मुळात हा विषय आमच्यात घातला कोणी?" त्यानं त्राग्यानं विचारलं. गणित कशाला, असं तो विचारत नव्हता. कोडिंगच्या पोराला राज्यघटना, कन्नड, आरोग्य, इंग्रजी लेखन, पर्यावरण, मूल्यशिक्षण आणि वर योगासनं हवीत कशाला, असा त्याचा सवाल होता. 'कशाला' याचं उत्तर ज्याचं त्यानं द्यावं. 'कोणी' याचं उत्तर मात्र कागदावर आहे, आणि ते कळलं की बाकीचं बरंच आपोआप उलगडतं. म्हणून त्या दुपारी आम्ही त्याची गुणपत्रिका आणि पुढच्या सत्रांची स्कीम घेऊन बसलो. 'स्कीम' हा इथला परवलीचा शब्द. कोणत्या सत्रात कोणता विषय, किती तास, किती क्रेडिट, याचा तक्ता. तो दर काही वर्षांनी बदलतो, त्यामुळं २०१८ची स्कीम, २०२१ची, २०२२ची अशी मुलांची जणू घराणीच असतात. वरच्या वर्गातल्या पोराच्या नोट्स घ्याव्यात, पण स्कीम विचारून.

आता क्रेडिट. आठवड्याला एक तास वर्ग, असं सत्रभर चाललं की एक क्रेडिट. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या हिशेबात व्याख्यानाचे १५ तास म्हणजे एक क्रेडिट. प्रात्यक्षिक असेल तर तेवढ्यासाठी ३० तास. या मापाचा जन्म मोठा गमतीचा आहे. १९०६च्या सुमारास अमेरिकेतल्या कार्नेगी प्रतिष्ठानानं प्राध्यापकांना निवृत्तिवेतन द्यायचं ठरवलं. पण पैसे कोणत्या कॉलेजांना द्यायचे? कॉलेज कशाला म्हणायचं हेच तिथं ठरलेलं नव्हतं. मग शाळेत कोणता विषय किती तास शिकून आलेल्याला कॉलेजात घ्यायचं, याचं एक माप बांधलं गेलं आणि त्या मापात बसणाऱ्यांनाच पेन्शन मिळू लागली. म्हाताऱ्या मास्तरांच्या पेन्शनीसाठी आखलेली ती पट्टी फिरत फिरत येलहंक्याच्या पोराच्या मोबाइलवर आली आहे. ती शिक्षण मोजत नाही, बसलेले तास मोजते. ही तक्रार तिकडंही शंभर वर्षं चालू आहे.

व्हीटीयूच्या, म्हणजे बेळगावच्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या, २०२२च्या स्कीममध्ये चार वर्षांची पदवी १६० क्रेडिटांची आहे. पहिल्या वर्षी दोन्ही सत्रं २०-२० क्रेडिटांची. त्यात गणित ४, फिजिक्स किंवा केमिस्ट्री ४, मग तीन-तीनचे तीन विषय, आणि तळाला एकेका क्रेडिटचे तीन. वर्षभरात असे सहा: इंग्रजीचे दोन, राज्यघटना, कन्नड, आरोग्य आणि नवकल्पना-डिझाइनचा एक. निम्मे वर्ग आधी फिजिक्स सायकल करतात, निम्मे केमिस्ट्री सायकल, आणि पुढच्या सत्रात अदलाबदल. तळाच्या या ओळींना हॉस्टेलात 'फालतू सब्जेक्ट' म्हणतात. परीक्षा एका तासाची, ५० पर्यायी प्रश्नांची, ओएमआरवर गोळे रंगवायचे. आदल्या रात्री कोणाची तरी पीडीएफ फिरते. त्या पीडीएफच्या भरवशावरच आमचा गडी १८वर थांबला होता.

मी त्याला एक हिशेब करून दाखवला. सत्राची सरासरी, म्हणजे एसजीपीए, क्रेडिटांच्या वजनानं निघते. ६० ते ६९ गुणांना ७ पॉइंट, ८० ते ८९ला ९, नव्वदच्या पुढं १०. चार क्रेडिटचं गणित ७वरून ९वर न्यायचं तर सत्रभर घाम गाळावा लागतो, आणि त्यातून मिळतात दोन गुणिले चार, भागिले वीस, म्हणजे ०.४. तळाचे तीन विषय ७वरून १०वर नेले तर तीन गुणिले तीन, भागिले वीस, म्हणजे ०.४५. ज्यांना तो फालतू म्हणत होता ते तिघं मिळून गणिताच्या दोन पायऱ्यांपेक्षा जड निघाले. शिवाय हजेरी विषयवार मोजतात. व्हीटीयूत ८५ टक्के लागते, सबळ कारण असेल तर ७५पर्यंत सूट मिळू शकते. आठवड्यातून एकच तास असलेल्या विषयाचे तीन तास बुडवले की टक्का कसा कोसळतो, ते ज्यानं त्यानं कागदावर करून पाहावं.

आता 'कोणी' या प्रश्नाकडं वळू.

राज्यघटनेच्या ओळीमागं एआयसीटीई आहे, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद. १९८७च्या कायद्यानं ती वैधानिक झाली. जानेवारी २०१८मध्ये तिनं अभियांत्रिकीचा आदर्श अभ्यासक्रम काढला. दोनशेच्या घरात गेलेली क्रेडिटं १६०वर आणली आणि सोबत काही गोष्टी सर्वांसाठी सक्तीच्या केल्या: सुरुवातीचा तीन आठवड्यांचा परिचयवर्ग, पर्यावरण, भारतीय राज्यघटना आणि भारतीय पारंपरिक ज्ञान. त्या वेळी परिषदेचे अध्यक्ष होते अनिल सहस्रबुद्धे. मराठी नाव, पण पदवी हुबळीच्या बीव्हीबी कॉलेजची, पीएचडी बंगळूरच्या आयआयएससीची, आणि अध्यक्ष होण्याआधी पुण्याच्या सीओईपीचे संचालक. परिषदेनं हे विषय शून्य क्रेडिटचे ठेवले होते, पास व्हा आणि सुटा. व्हीटीयूनं राज्यघटनेला एक क्रेडिट दिलं. शून्यातून एक झाल्यावर तो विषय सरासरीत शिरला. शून्य क्रेडिटचा विषय मुलं वाचत नाहीत हे विद्यापीठाला पक्कं ठाऊक असणार. एका क्रेडिटचाही वाचत नाहीत, ते आमच्या घरी सिद्ध झालं.

पाचव्या सत्रातल्या पर्यावरणाची कुळकथा याहून जुनी आणि वजनदार आहे. वकील एम. सी. मेहता यांच्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं २२ नोव्हेंबर १९९१ रोजी निकाल दिला. सिनेमागृहांनी खेळाआधी पर्यावरणाच्या स्लाइड्स फुकट दाखवाव्यात, आकाशवाणी आणि दूरदर्शननं कार्यक्रम करावेत, शाळांत हा विषय सक्तीचा व्हावा, आणि विद्यापीठांत तो कसा आणता येईल ते विद्यापीठ अनुदान आयोगानं पाहावं, असे ते आदेश होते. दहा-बारा वर्षं फारसं काही हललं नाही. न्यायालयानं पुन्हा कान उपटले तेव्हा कुठं २००३-०४च्या सुमारास पदवीच्या सर्व शाखांना लागू असा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आला. त्याचं पाठ्यपुस्तक आयोगासाठी लिहिलं पुण्याच्या भारती विद्यापीठातल्या पर्यावरण शिक्षण संस्थेचे संचालक डॉ. इराक भरुचा यांनी. पेशानं शल्यविशारद, मनानं जंगलातला माणूस. आठ घटक, ५० तासिका, त्यांतल्या पाच वर्गाबाहेर. शेवटचा घटक संपूर्णपणे क्षेत्रभेटीचा: गावातली नदी, टेकडी किंवा माळ पाहा, एखादी प्रदूषित जागा पाहा, आसपासची झाडं, किडे, पक्षी ओळखा, साध्या तळ्याची परिसंस्था समजून घ्या. १०० पैकी २५ गुण याला.

ही कुळकथा सांगायचं कारण असं की पर्यावरणातून सूट मिळेल का, असं दरवर्षी कोणी ना कोणी प्राचार्यांकडं विचारायला जातं. प्राचार्य काय करणार? तो विषय त्यांनी घातलेला नाही, विद्यापीठानंही नाही. जो विषय जिथून आला, तिथवरच त्याची सूट मागता येते. कॉलेजनं स्वतः ठेवलेला ऐच्छिक विषय कॉलेज बदलू शकतं. विद्यापीठाचा विषय बदलायला विद्यापीठाची विद्वत्सभा लागते. एआयसीटीईच्या विषयाचा सांगाडा दिल्लीत ठरतो, आणि पर्यावरणाच्या मागं तर थेट सर्वोच्च न्यायालय उभं आहे.

कन्नडच्या मागं राज्य आहे, आणि इथं मराठी मुलाची खरी गंमत आहे. व्हीटीयूत दोन पर्याय. ज्यांना कन्नड बोलता, लिहिता, वाचता येतं त्यांना 'सांस्कृतिक कन्नड', म्हणजे साहित्य आणि संस्कृतीच्या अंगानं. बाकीच्यांना 'बळके कन्नड'. बळके म्हणजे वापर. वापरायची, बोलायची कन्नड. आधीच्या स्कीममध्ये यांना 'आडळित', म्हणजे कारभाराची, आणि 'व्यावहारिक' अशी नावं होती. फॉर्म भरताना निपाणी-बेळगावकडच्या मराठी मुलांची इथं गफलत होते. घरात मराठी, शाळा मराठी माध्यमाची, पण कन्नड विषय म्हणून शिकलेली. त्यांनी 'मी मराठी' म्हणून बळके भरू नये. निकष मातृभाषेचा नाही, लिहितावाचता येण्याचा आहे.

भाचा बळके कन्नडला बसला आणि आठवडाभरात वैतागला. लिपी गोल गोल, क्रियापदं लांब लांब. मी त्याला म्हटलं, शब्द सोड, वाक्य बघ. 'ननगे नीरु बेकु.' ननगे म्हणजे मला, नीरु म्हणजे पाणी, बेकु म्हणजे हवं. मला पाणी हवं. एकाखाली एक लिही, शब्द जागचा हलत नाही. 'ननगे गोत्तु' म्हणजे मला माहीत आहे. मी जाणतो असं नाही, मला माहीत. 'बरुत्तेने अंत हेळिद': येतो म्हणून सांगितलं त्यानं. तो 'अंत' म्हणजे आपला 'म्हणून', त्याच जागी, त्याच कामाला. हिंदीत हे करायला गेलं तर वाक्य उलटं करून मध्ये 'कि' घालावा लागतो. मराठीचे शब्द संस्कृताकडून आले असतील, पण वाक्य बांधायची बरीचशी रीत या शेजाऱ्याकडची आहे. आपलं तूप तिथं तुप्प आहे, आपले अण्णा आणि अक्का तिथंही अण्णा आणि अक्काच. फक्त ताई म्हणताना जपून. 'तायि' म्हणजे आई. पोरगं मेसमध्ये वाढणाऱ्या बाईंना ताई म्हणायचं आणि त्या खूश होऊन दोन चमचे सांबार जास्त वाढायच्या. कारण त्याला उशिरा कळलं.

पदवी महाविद्यालयांतल्या कन्नडचं प्रकरण मात्र कोर्टात गेलं. ऑगस्ट २०२१मध्ये कर्नाटकानं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण देशात सर्वांआधी लागू केलं आणि सोबत पदवीला कन्नड सक्तीचं केलं. डिसेंबर २०२१मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं अंतरिम आदेश दिला: या धोरणाच्या नावाखाली कन्नड सक्तीचं करू नका, ज्यांनी ते स्वखुशीनं घेतलंय त्यांचं चालू द्या. तो वाद त्या धोरणाखालच्या पदवीचा. व्हीटीयूचं एक क्रेडिटाचं कन्नड विद्यापीठाच्या स्कीममधून येतं. दोन्ही बातम्या एकत्र वाचून 'कन्नड रद्द झालं' असं व्हॉट्सअॅपवर फिरलं होतं. विश्वास ठेवून वर्ग बुडवणारे निघालेच.

हे झालं व्हीटीयूचं. पण येलहंक्याची खासियत अशी की इथं एवढ्याशा टापूत चार वेगवेगळी राज्यं नांदतात. अवलहळ्ळीचं बीएमएसआयटी व्हीटीयूकडं. कट्टिगेनहळ्ळीचं रेवा हे राज्याच्या कायद्यानं झालेलं खासगी विद्यापीठ. राजानुकुंट्याकडं प्रेसिडेन्सी, तेही तसंच. गोविंदपुऱ्याचं निट्टे मीनाक्षी व्हीटीयूतून निघून निट्टे अभिमत विद्यापीठात गेलं. न्यू टाउनमधली सृष्टी ही कला आणि डिझाइनची संस्था मणिपाल अभिमत विद्यापीठाची. शिवाय सरकारी आणि अनुदानित पदवी महाविद्यालयं. एकाच पीजीत राहणाऱ्या, एकाच टपरीवर चहा पिणाऱ्या चार पोरांच्या गुणपत्रिका चार वळणांच्या असू शकतात. म्हणून 'माझ्या मित्राला नाही, मग मलाच का' हा प्रश्न इथं विचारूच नये.

अभियांत्रिकी सोडून बीए, बीकॉम, बीएस्सीकडं गेलं तर पाया असतो विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२च्या आराखड्याचा. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट. त्यांत मुख्य विषय ६०, गौण विषय २४. उरलेल्या ३६मध्ये आपला आजचा विषय आहे: इतर शाखांची ओळख ९, भाषा ८, कौशल्यं ९, मूल्यवर्धनाचे विषय ६ ते ८, आणि उन्हाळी इंटर्नशिप २ ते ४. म्हणजे पदवीचा जवळजवळ तिसरा हिस्सा 'आपल्या विषयाबाहेर' जातो. चार वर्षांची ऑनर्स केली तर एकूण १६०, मुख्य विषय ८०वर जातो, पण ही बाहेरची क्रेडिटं तेवढीच राहतात. इतर शाखांच्या त्या ९ क्रेडिटांना एक अट आहे जी अनेकांच्या नजरेतून सुटते: बारावीला जे शिकलात तेच पुन्हा घेऊन सोपे गुण मिळवता येत नाहीत. बारावीला अर्थशास्त्र होतं म्हणून 'अर्थशास्त्राची ओळख' घ्यायची, ही वाट बंद.

महाराष्ट्रानं याच आराखड्याला स्वतःची शिवण घातली. एप्रिल २०२३च्या शासन निर्णयानं सत्राला २२ क्रेडिट ठरली, म्हणजे तीन वर्षांत १३२ आणि चार वर्षांत १७६. पुण्यात बीएस्सी करणारी भाची फोनवर अक्षरं वाचून दाखवते तेव्हा रेल्वेचं आरक्षण चालू आहे असं वाटतं: ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी. ओई म्हणजे खुला ऐच्छिक विषय, आणि तो दुसऱ्या विद्याशाखेतलाच घ्यायचा. विज्ञानाच्या मुलीनं वाणिज्य किंवा मानव्यविद्येतला. आयकेएस म्हणजे भारतीय ज्ञान प्रणाली. सीसी म्हणजे खेळ, एनएसएस, कला वगैरे. कल्पना चांगली आहे. कागदावर याला 'बास्केट' म्हणतात, विषयांची टोपली. मात्र लहान कॉलेजांत शिक्षक तेवढेच, खोल्या तेवढ्याच, त्यामुळं टोपली असते आणि फळ एकच. ज्या विषयाचा मास्तर रिकामा, तो सर्वांचा खुला ऐच्छिक विषय.

ही कल्पना आपल्याकडं नवी नाही. १९४८-४९च्या राधाकृष्णन आयोगानं सर्वसाधारण शिक्षणाची शिफारस केली होती: विज्ञानवाल्याला समाज कळावा, साहित्यवाल्याला विज्ञानाची पद्धत कळावी. तेव्हा अमेरिकेत हार्वर्डचा १९४५चा अहवाल गाजत होता आणि त्याही आधी, १९१९मध्ये, कोलंबिया विद्यापीठानं सर्व विद्यार्थ्यांना समकालीन संस्कृतीचा एक सामाईक वर्ग सक्तीचा केला होता. फरक असा की तिथं हे सगळं बहुतेक एका विद्यापीठाच्या मास्तरांनी एका टेबलाभोवती भांडून ठरवलं. आपल्याकडं एक ओळ न्यायालयातून येते, एक परिषदेतून, एक राज्याकडून, एक विद्यापीठाकडून. सगळ्या एकाच गुणपत्रिकेत येऊन बसतात, पण त्यांची एकमेकांशी ओळख करून द्यायला कोणी नसतं. पर्यावरणाच्या पुस्तकातली जलप्रदूषणाची कलमं आणि राज्यघटनेतलं कलम ४८अ शिकवणारे दोघं एकाच स्टाफरूममध्ये बसतात आणि दोघांचे पेपर वेगळे. माझी या विषयांबद्दल तक्रार असलीच तर ती एवढीच.

कर्नाटकातल्या पदवीच्या मुलांची गुंतागुंत आणखी एका कारणानं वाढली, आणि त्यातही मराठी माणूस आहे. सरकार बदलल्यावर २०२३च्या ऑक्टोबरात राज्याचं स्वतःचं शैक्षणिक धोरण ठरवायला आयोग नेमला गेला. त्याचे अध्यक्ष प्रा. सुखदेव थोरात, अमरावती जिल्ह्यातल्या महिमापूरचे, औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकलेले, २००६ ते २०११ विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष. त्यांच्या अंतरिम अहवालानंतर मे २०२४मध्ये आदेश निघाला आणि २०२४-२५पासून राज्याच्या विद्यापीठांत चार वर्षांची ऑनर्स जाऊन पुन्हा तीन वर्षांची पदवी आली. अंतिम अहवाल ऑगस्ट २०२५मध्ये सादर झाला. त्यामुळं एकाच महाविद्यालयात २०२१ ते २०२३च्या तुकड्या एका साच्यात आणि पुढच्या दुसऱ्या. खासगी आणि अभिमत विद्यापीठं मात्र विद्यापीठ अनुदान आयोगाच्या चार वर्षांच्या वाटेवरच चाललेली दिसतात. कोणी येलहंक्यात बीकॉमला मुलगा पाठवणार असेल तर पहिला प्रश्न फीचा विचारावा, आणि दुसरा हा: पदवी किती वर्षांची आणि कोणाच्या नियमानं?

क्रेडिटांची बँक हाही एक भाग आहे. जुलै २०२१मध्ये ही सोय आली. विद्यार्थ्याच्या नावानं डिजिटल खातं, त्यात मिळवलेली क्रेडिटं जमा, सात वर्षांपर्यंत वापरता येतात. कॉलेज बदललं तर ती नेता येतात, 'स्वयम'वरचे ऑनलाइन अभ्यासक्रमही त्यात जमा होतात. पण बँकेत पैसे असले तरी दुकानदार कोणती नोट घेतो हे त्याच्यावर असतं. बळके कन्नडचं क्रेडिट पुण्याच्या विद्यापीठात तुमच्या भाषेच्या रकान्यात बसेलच असं नाही. बदलीआधी नव्या विद्यापीठाकडून विषयवार समतुल्यता लेखी घ्यावी.

आता पुन्हा भाच्याच्या स्कीमकडं. तिसऱ्या सत्राच्या पहिल्या आठवड्यात एनएसएस, शारीरिक शिक्षण किंवा योग यांतलं एक निवडायचं आणि सहाव्या सत्रापर्यंत चार सत्रं तेच चालवायचं. क्रेडिट शून्य, विद्यापीठाची परीक्षा नाही, पण पूर्ण केल्याशिवाय पदवी नाही. आमच्या गड्यानं योग सोपा म्हणून निवडला. वर्ग सकाळी साडेसहाला असतो हे नंतर कळलं. चौथ्या सत्रात वैश्विक मानवी मूल्यं. हा विषयही एआयसीटीईच्या वाटेनं आला. हैदराबादच्या आयआयआयटीत राजीव संगल यांच्या पुढाकारानं तो वाढला, आणि त्याची मुळं अमरकंटकच्या ए. नागराज यांच्या जीवनविद्येपर्यंत जातात. मुलं याला 'यूएचव्ही' म्हणतात आणि 'मामा, यात बरोबर उत्तर कोणतं ते कळतच नाही' असं सांगतात. माणसानं कसं जगावं याचे ५० पर्यायी प्रश्न काढल्यावर दुसरं काय होणार?

पाचव्या सत्रात पर्यावरणाची क्षेत्रभेट आली. कॉलेजनं बस काढली नाही. पोरं दुचाक्यांवर दोड्डबळ्ळापूर रस्त्यानं पुट्टेनहळ्ळीच्या तळ्यावर गेली. येलहंका न्यू टाउनला लागून असलेलं हे तळं पक्ष्यांसाठी राखीव आहे. बहुतेकांनी फोटो काढले आणि अहवाल चॅटजीपीटीकडून लिहून घेतला. आमच्या भाच्यानं मात्र वहीत पक्षी लिहिले. मराठी नावं त्याला चारच येत होती: बगळा, पाणकावळा, खंड्या, करकोचा. पाचवं तळ्याकाठच्या पहारेकऱ्यानं सांगितलं, कन्नडमध्ये. त्यानं ते देवनागरीत उतरवून घेतलं आणि 'ह्याला मराठीत काय?' म्हणून मला फोटो पाठवला. शेपटीजवळ गुलाबी झाक, वाकडी पिवळी चोच. चित्रबलाक. तो त्यानं कंसात लिहिला.

उरली शेवटची ओळ. आठव्या सत्राच्या गुणपत्रिकेवर एआयसीटीईचे उपक्रम गुण छापले जातात. पहिल्या वर्षापासून आलेल्याला १००, डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षात आलेल्याला ७५. सरासरीत धरत नाहीत, पण ते पूर्ण नसतील तर आठव्या सत्राची गुणपत्रिकाच अडकते. हातात नोकरीचं पत्र आणि गुणपत्रिका कॉलेजच्या कपाटात, अशी मुलं दर वर्षी जूनमध्ये ऑफिसबाहेर उभी असतात. गुण मिळवायचे ते सुट्टीत आणि शनिवार-रविवारी, वर्गाबाहेरच्या कामातून: सरकारी शाळेतल्या मुलांची तयारी करून घेणं, कचऱ्याची व्यवस्था लावणं, गावाच्या उत्पन्नवाढीचा प्रस्ताव करणं, पाणी किंवा वीज वाचवण्याची योजना. किती तासांना किती गुण, ते कॉलेजचा समन्वयक सांगतो. पुरावा म्हणून संस्थेचं पत्र, तारखा आणि फोटो लागतात. पत्र कामाआधी घ्यायचं, नंतर नाही.

भाच्याचे आत्तापर्यंत ४० झालेत. राज्यघटना दुसऱ्या खेपेला निघाली. या डिसेंबरात तो सोलापूरला जाणार आहे तेव्हा गल्लीतल्या महापालिकेच्या शाळेत दहावीच्या मुलांना गणित शिकवून २० मिळवायचा बेत आहे. मुख्याध्यापकांचं पत्र आणायला बहिणीला सांगितलंय. त्यावर शिक्का हवा, नुसती सही चालत नाही.